टाकीवरचा पांडुरंग

"द्वारके, डब्यातल्या काळ्या शीटचं काप हं. दुसरं घेऊ नको," मोटारसायकलच्या चाकाशी उकिडवं बसून साखळी चढवता चढवता यांनी मला सांगितलं आणि टाकीच्या झाकणातलं जुनं पॅकिंग माझ्या हातात दिलं. लहान पोरीच्या बांगडीएवढं ते रबर वाळून चिरलेलं होतं. नुसतं वाकवलं तर दोन तुकडे झाले.

"महाराज, अंगाला अत्तराऐवजी पेट्रोल लावायलात का आजकाल?" हे म्हणाले.

केरबा महाराज बाकड्यावर बसून हसले. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर मांडीपाशी पिवळट डाग पडला होता. "काय करता माउली, खड्डा आला की टाकी उसळी मारते आन् झाकणातून आंघोळ घालते. रात्री घाटापलीकडं सेवा आहे. उद्या सकाळी तुमच्याच कोळवाडीत काल्याचं कीर्तन. तेवढं निभवा."

"निभवतो की. साखळी पण ढिली झाली तुमची. दोन्ही करून देतो."

जिंतूर रोडवर कोळवाडी फाट्याला आमचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याचं शेड, मागं एक खोली, तेच घर. लिंबाजी मिस्त्री म्हणलं की कोणीही बोट दाखवायचं. मी बायकांचे ब्लाउज शिवायचे, कात्रीवर हात बसलेला, म्हणून पॅकिंगं कापायचं काम माझ्याकडं आलं होतं. बाजारात जे मिळायचं नाही ते मी कापून द्यायचे, आणि ते मूळच्यापेक्षा बरं बसतं असं हे गिऱ्हाइकाला सांगायचे.

माझं एक वेड सांगितलं पाहिजे. दुसऱ्या बाया लुगड्याला, दागिन्याला भुलतात, मी कीर्तनाला भुलायचे. चुलीवर दूध ठेवलेलं असलं आणि लांबून टाळ ऐकू आले की दूध उतू गेलेलं मला कळायचं नाही. त्यात केरबा महाराजांचं कीर्तन म्हणजे विचारू नका. आवाज भरदार, पण गोष्ट सांगायला लागले की इतका खाली आणायचे की अख्खा मांडव पुढं झुकायचा. मग एक बोट वर करून टाळ थांबवायचे. त्या थांबण्यात जे काही असायचं, त्यासाठी मी दोन-दोन कोस चालत गेलेली आहे.

असे महाराज त्या दुपारी आमच्या बाकड्यावर बसले होते, आणि त्यांच्यासमोर ऐकायला मी एकटी. त्यांनी टाकीवर हात ठेवला. निळ्या टाकीवर पांडुरंगाचं चित्र होतं, तळहाताएवढं. कर कटेवर, गळ्यात तुळशीमाळ, आणि डोळे असे की कुठूनही बघा, आपल्याकडंच बघतात.

"हा पांडुरंग कसा आला, सांगू का?" महाराज म्हणाले.

मी चटकन खाली बसले. इतक्यात हे ओरडले, "पॅकिंग कापलं का गं?"

मी उठून आत गेले. आता महाराजांनी कोणती गोष्ट सांगितली, ते पुढं सांगते.

पेट्रोलला चालणारी काळी शीट जाड आणि कडक. ती पाटावर ठेवायची, जुन्या पॅकिंगचा ठसा घ्यायचा आणि पात्यानं थोडी थोडी कोरत जायची. आतला गोल वेगळा, बाहेरचा वेगळा. घाई केली की चिरा जातात. मी पाट मांडला, पातं घेतलं. बाहेरून महाराजांचा आवाज येत होता, "...आन् मग माउली, त्यानं मला सांगितलं..." तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि काय सांगितलं ते त्यात बुडालं.

भिंतीला खिळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लटकत होते. मऊ, पातळ. कात्रीनं सर्रकन कापले जातात.

ट्यूब पेट्रोलला चालत नाही हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. यांनी कधीतरी सांगितलं होतं. पण मनात म्हणलं, रबर ते रबर. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या महाराज इथंच येणार आहेत, तेव्हा चांगलं कापून देऊ. दोन तुकडे एकावर एक चिकटवले, ठसा ठेवला, कात्री फिरवली. ब्लाउजाचा गळा कापावा तसा गोल आला. मी पळत बाहेर आले.

यांचे हात ग्रीसनं बरबटलेले होते. दोन बोटांनी पॅकिंग उचललं, झाकणात दाबलं, झाकण लावून दाबून पाहिलं. "बिनघोर जा महाराज," म्हणाले. मी बाकड्यासमोर बसून राहिलेली गोष्ट ऐकली. ऐकताना दोनदा पदर डोळ्याला लावला. मग महाराज समोरच्या पंपावर गेले, टाकी काठोकाठ भरली आणि घाटाकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच मी मांडवात गेले. काल्यासाठी लाह्या निवडायच्या होत्या, दही घुसळायचं होतं. आमची कोंडामावशी, म्हणजे शेजारची, वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी, माझ्या शेजारी बसली होती.

"तुझा मालक दिसंना आज? एरवी टाळ घेऊन पहिल्या वळीत असतो."

"येतील की. गिऱ्हाईक आलं असंल."

कीर्तन उभं राहता राहता हे आले. टाळकऱ्यांच्या ओळीत, बरोबर महाराजांच्या पाठीमागं जागा होती, तिथं जाऊन उभे राहिले. मान खाली. सदऱ्याच्या खिशापाशी ओला डाग. मी बायकांच्या बाजूनं हात हलवला, पण त्यांनी वर बघितलंच नाही.

महाराजांनी चाल सुरू केली. काल्याचं कीर्तन, गोपाळांच्या शिदोऱ्या, कुणाची आंबट कुणाची गोड, सगळ्या एकात. मी डोळे मिटले होते. मग टाळ थांबले. मला वाटलं, आता दृष्टांत.

"माउली, माझ्या गाडीच्या टाकीवर पांडुरंग आहे. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. काल दुपारपर्यंत होता."

मांडव हसला. मी डोळे उघडले.

"झाकणातून पेट्रोल झिरपायचं. मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री म्हणाला, नवं पॅकिंग टाकलंय महाराज, बिनघोर जा. गेलो बिनघोर! घाटातला रस्ता तुम्हाला माहीत आहे, रस्ता कमी आन् खड्डे जास्त. सकाळी बघतो तर काय, देवाच्या तोंडाला फोड! रंगाचे पापुद्रे सुटलेले! झाकण उघडलं, तर पॅकिंग पुरीसारखं फुगलेलं. आन् ते कशाचं, सांगू? सायकलच्या ट्यूबचं! अहो, टाकीत पेट्रोल भरतात का हवा?"

अख्खा मांडव खदखदला. पुरुषांच्या बाजूची सगळी डोकी टाळकऱ्यांच्या ओळीकडं वळली.

"हसू नका. तुमचं-आमचं तेच आहे. वर झाकण चकचकीत, आत भरलेलं काठोकाठ, आन् मधलं पॅकिंग खोटं! मग आतलंच बाहेर येतं आन् ज्याला आपण वर मिरवतो, त्याच देवाचं तोंड खातं!"

"अगं, तुझ्या मालकालाच म्हणायलेत की!" कोंडामावशीनं मला कोपरानं ढोसलं. तिलाही हसू आवरत नव्हतं. मनानं वाईट नव्हती ती, दृष्टांतच तसा झाला होता. दुसऱ्या कोणाच्या गॅरेजचा असता तर सगळ्यात आधी मीच हसले असते.

महाराजांनी बोट खाली केलं. टाळकऱ्यांनी चाल उचलली. सगळ्यांच्या टाळात यांचा टाळ होता. जिथं पडायचा तिथंच पडत होता. महाराजांच्या पाठीशी उभं राहून, अख्खं गाव तोंडाकडं बघत असताना, एक ठेकासुद्धा चुकला नाही. मी मात्र हातातल्या लाह्यांचा चुरा करून टाकला होता.

काला झाला. हंडी फुटली, एकमेकांच्या तोंडात घास गेले, एकमेकांच्या पाया पडणं झालं. यांच्या भोवती चार जण जमले होते.

"काय मिस्त्री, माझ्या सायकलीत पेट्रोल भरून द्या की!"

"माझी गाडी पंक्चर आहे, टाकीची ट्यूब काढून देता का?"

हे नुसते हसत होते. "देतो, देतो. रांगेत या," म्हणत होते. फाट्यावर तेव्हा दुसरं गॅरेज नुकतंच उघडलं होतं, नव्या पाटीचं, नव्या हत्यारांचं. आमच्याकडं नवं काही नव्हतं. लिंबाजीनं सांगितलं म्हणजे झालं, एवढ्यावरच माणसं आमच्याकडं यायची.

मी मांडवाच्या मागं गेले. तिथं गाडी उभी होती. झाकणापासून खाली एक ओघळ आलेला होता, आणि त्यात निळा रंग सुरकुतून गेला होता, उकळत्या दुधावरची साय बाजूला सरते तसा. माळ होती, हात होते, पाय होते. तोंडाच्या जागी उघडा पत्रा. एक डोळा पापुद्र्यासकट लोंबत होता, आणि दुसऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

महाराज देवळाच्या ओट्यावर टेकले होते. मी पुढं गेले. पाय धरायचं धाडस झालं नाही, लांबच उभी राहिले.

"महाराज, ते पॅकिंग मी कापलं."

त्यांना आधी कळलंच नाही. "काय म्हणता माउली?"

"यांनी शीटचं काप म्हणून सांगितलं होतं. मी ट्यूबचं कापलं. शीटला वेळ लागतो, आन् बाहेर तुमची गोष्ट चालली होती. ती ऐकायची होती, म्हणून. त्यांनी ग्रीसच्या हातानं नुसतं बसवलं. त्यांना ठावं नव्हतं."

महाराज माझ्याकडं बघत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"काल तुम्ही समोर बसून सगळं ऐकलंत ना," ते हळूच म्हणाले.

मी मान हलवली.

"सकाळी मिस्त्रींना विचारलं, हे कुणी केलं? ते म्हणाले, चूक माझी." महाराजांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आन् मी नारदाच्या गादीवर उभं राहून एका माणसाला सगळ्यांच्या हसण्यापुढं उभं केलं. दुखलं होतं मला. ते दुखणं मी त्याच्या अंगावर टाकलं." ते उठले. "चला. माइक अजून काढला नसंल. मंडळी पांगायच्या आत सांगतो."

"काय सांगता महाराज?"

हे माझ्या पाठीमागं येऊन उभे होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. टाळ अजून गळ्यातच होते.

"खरं काय ते सांगतो, मिस्त्री."

"म्हणजे आता हिचं नाव माइकवर घेता?"

महाराज थांबले.

"माझं एकदा झालं ते झालं," हे म्हणाले. "मला सवय आहे, गिऱ्हाइकं रोज बोलतात. बायामाणसाला जन्मभर म्हणतील, हिनं देवाचं तोंड खाल्लं. ही पुन्हा मांडवात पाऊल टाकायची नाही. आन् कीर्तनाशिवाय ही घरात कशी राहती, ते मला भोगावं लागंल की!"

"अहो, पण तुमचं नाव..." मी म्हणाले.

"गॅरेज माझं. बसवलं मी. बसवायच्या आधी बोट फिरवायला पाहिजे होतं, नाही फिरवलं. एवढं पुरं आहे." मग महाराजांकडं वळून म्हणाले, "चला महाराज, तसंच जाऊ नका. पॅकिंग टाकून देतो."

आम्ही फाट्यावर आलो. यांनी डब्यातून काळी शीट काढली, पाट मांडला आणि पातं माझ्या हातात दिलं. "काप," म्हणाले.

"मी?"

"मग कोण? माझा हात एवढा गोल चालत नाही."

मी आत बसले आणि कोरायला घेतलं. आतला गोल, मग बाहेरचा. घामानं पातं निसटत होतं. बाहेर बाकड्यावर महाराज बसले होते. मी कान देऊन ऐकलं, जित्याची खोड. पण ते एक शब्द बोलत नव्हते. यांनी काहीतरी विचारलं, त्यावर नुसता हुंकार आला. माझं काम होईपर्यंत तो भरदार आवाजाचा माणूस मुका बसून राहिला. कशासाठी, ते मला कळत होतं, आणि त्या गप्प बसण्यानं माझ्या काळजाला जेवढे ओरखडे पडले तेवढे मांडवातल्या हसण्यानंही पडले नव्हते.

पॅकिंग बसलं. यांनी बोट फिरवून पाहिलं, गाडी आडवी-उभी हलवली. थेंब आला नाही. निघताना महाराज वाकले आणि यांच्या पाया पडले. यांनी घाईघाईनं पाय मागं घेतले तर बादलीला लागून पाणी सांडलं.

दिवस मावळायला आला तेव्हा मी धुणं घेतलं. यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी होतं. काढलं, तर तेच पॅकिंग. पण सकाळी पुरीसारखं फुगलेलं म्हणे, ते आता पुन्हा जसंच्या तसं झालं होतं. पेट्रोल उडून गेलं, रबर आटलं. मी कापलं होतं तेवढं, तसंच. कोणी म्हणलं नसतं की यानं काही केलंय. त्याच्याबरोबर विडीच्या बंडलाच्या कागदाची एक पुडी होती.

हे चहा पीत दारात बसले होते. मी पॅकिंग पुढं केलं.

"हे का ठेवलंत?"

त्यांनी घेतलं, उजेडात धरलं. "बघ की, किती गोल कापलंयस. ब्लाउजाचे गळेसुद्धा असे येत नाहीत तुला. त्या सरपंचीणबाईचा वाकडाच झाला होता." आणि स्वतःच हसले.

मला हसता आलं नाही. मी पुडी उघडली. आत नखाएवढा रंगाचा पापुद्रा होता, आणि त्यावर एक डोळा.

"सकाळी दाबून चिकटवायला गेलो, तर बोटालाच आला," हे म्हणाले. "देवाचा डोळा खाली कसा टाकायचा? म्हणून ठेवला." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बरं, एक सांग. काल महाराज काय सांगत होते गं? माझं सगळं ध्यान साखळीत होतं, काही ऐकलं नाही. ज्याच्यापायी तू एवढं केलंस, ती गोष्ट तरी कळू दे मला."

मला शब्द न् शब्द पाठ होता. एरवी मी कीर्तनाहून आले की यांना सगळं चालीसकट सांगायचे, हे हूं हूं करत ऐकायचे. त्या संध्याकाळी चाल न लावता, खाली बघत सांगितलं.

"महाराजांचा धाकटा भाऊ होता. रंगनाथ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला कावीळ झाली, अंथरुणाला खिळला. म्हणाला, दादा, तू गावोगाव देवाचं नाव घेत फिरतोस, तुझ्या गाडीवर देव पाहिजे. गाडी त्याच्या खाटंपाशी आणून लावली. पडल्या पडल्या रंगवायचा. हात थरथरायचे, तर डाव्या हातानं उजवा धरायचा. सगळं झालं, डोळे राहिले. डोळे त्यानं एकादशीला काढले. आन् म्हणाला, दादा, वाळेपर्यंत गाडी चालू करू नको, हादऱ्यानं नजर हलंल."

हे कप खाली ठेवून माझ्याकडं बघत होते.

"मग?"

"रंग वाळला तेव्हा रंगनाथ नव्हता."

त्यांनी माझ्या हातातली पुडी घेतली, कागद नीट मिटला. सकाळपासून सगळं गाव हसलं, तरी ज्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, तो माणूस भिंतीला टेकून डोळे पुसत होता. "आन् मी त्यांना म्हणलं, पुन्हा रंगवून घ्या महाराज, चार दिवसांचं काम आहे," ते म्हणाले. "मला काय माहीत."

तेही मीच केलं होतं. एका ट्यूबच्या तुकड्यानं मी किती जणांना अपराधी केलं, तेव्हा मोजलं नाही, नंतर मोजायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं महाराजांच्या गावी गेलो. मी पुडी त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी उघडून पाहिली आणि कितीतरी वेळ मिटलीच नाही. मग यांनी गाडी सावलीत घेतली, टाकी रिकामी करून कोरडी पुसली आणि लोंबत होता तो पापुद्रा आधी हलक्या हातानं जागेवर बसवला. पुडीतला दुसरा जागेवर नेताना हाताला आला नाही, चुरा झाला. यांनी हात जोडले. जो एक बसला त्यावर पातळ वार्निश फिरवलं. तोंड नव्यानं रंगवायला महाराजांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही.

कोळवाडीत हे पुढं कितीतरी वर्षं ट्यूबवाले मिस्त्री राहिले. नवी पिढी तर तेच नाव समजते, त्यामागचं कोणाला माहीत नाही. महाराजांनी तो दृष्टांत पुन्हा कधी सांगितला नाही. पण दर वर्षी सप्ताहाच्या आधी त्यांची गाडी फाट्याला थांबायची. हे झाकण उघडायचे, बोट फिरवायचे आणि पॅकिंग चांगलं असलं तरी म्हणायचे, "द्वारके, नवं काप."

मी पाट आत मांडायचे नाही. बाहेर, गाडीसमोरच बसायचे. महाराज बाकड्यावर गप्प, हे उभे, मी खाली मान घालून काळी शीट कोरत असायचे. आणि वर, उघड्या पत्र्यावर, रंगनाथनं एकादशीला काढलेला तो एक डोळा. कुठूनही बघा, आपल्याकडंच बघायचा.